सागासाठी अक्रोड

“हा सागवानी रंग पाहिजे असेल ना ताई, तर तुम्हाला अक्रोड घ्यावा लागेल.”

बोहरी आळीतल्या रंगाच्या दुकानात काउंटरवर आमच्या वाड्याचा अडसर आडवा ठेवून मी उभी होते. दीड हात लांब, मनगटाएवढा जाड, घरून जुन्या पंच्यात गुंडाळून रिक्षातून आणलेला. माझ्या मागे एक गवंडी पांढऱ्या सिमेंटच्या पिशवीसाठी खोळंबला होता आणि आळीपाळीने माझ्याकडे नि अडसराकडे बघत होता. दुकानदाराने छटांची पाटी काढली. लाकडाच्या चौकोनी चकत्या, प्रत्येकीवर एकेक रंग आणि खाली नाव: टीक, वॉलनट, रोजवुड, महोगनी, हनी. ‘टीक’ची चकती त्याने अडसरावर ठेवली तर ती थेट संत्रा बर्फी दिसायला लागली. रोजवुड लाल पडला. मग वॉलनट ठेवला आणि त्या चकतीची कडच दिसेना, इतकी ती अडसरात मिसळून गेली. “बघा,” तो म्हणाला, “टीकला वॉलनट.” बोलण्यात थट्टा अजिबात नव्हती. त्याच्या लेखी प्रश्न सुटला होता, तो गवंड्याकडे वळला.

मी मात्र तिथेच अडकले, ती पुढे कित्येक दिवस.

डहाणूकर कॉलनीतल्या आमच्या फ्लॅटला लागून एक गच्ची आहे. मे महिन्यात तिच्या फरशीवर पापड वाळत नाहीत, भाजून निघतात. समोरच्या इमारतीच्या एसींची तोंडं बरोबर आमच्याकडे. २०२१ साली, घरात बसून बसून माणसं आपापल्या भिंतींना कंटाळली होती त्या दिवसांत, मी ठरवलं की अर्ध्या गच्चीवर लाकडी डेक करायचा आणि एसींच्या बाजूला पट्ट्यांचं कुंपण उभारायचं. सागाचा भाव ऐकून मी मिस्त्रींना चहा दिला आणि विषय बदलला. तेच मग म्हणाले, मॅडम, खोक्यांच्या लाकडाचं करू. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत परदेशातून यंत्रं येतात ती पाइनच्या पेट्यांत आणि पॅलेटवर बसून. यंत्र आत जातं, पेटी भंगारात येते. आठ दिवसांनी टेम्पोतून पट्ट्या आल्या. काहींवर काळा शिक्का होता, गव्हाच्या लोंबीचं चित्र आणि शेजारी ‘एचटी’. शोधून काढलं तेव्हा कळलं की एका देशाच्या लाकडातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून असं लाकूड पाठवण्याआधी तापवतात, फळीच्या अगदी गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं. आईला हे फार आवडलं. “म्हणजे ताप आणून बरं केलेलं लाकूड,” ती म्हणाली. एका पट्टीवरचा शिक्का तिने मिस्त्रींना घासूच दिला नाही. ती पट्टी कुंपणाच्या कोपऱ्यात, जास्वंदीच्या कुंडीमागे लागली.

पहिल्या वर्षी मिस्त्रींनी त्यावर बिनरंगी व्हार्निश मारलं. दोन हात. काय दिसत होतं म्हणून सांगू! ओल्या मधासारखं. गाठी, नसा, सगळं काचेखाली ठेवल्यासारखं. मी फोटो काढून सगळ्या बहिणींना पाठवले. जून गेला, जुलै गेला, गणपतीच्या सुमारास त्या काचेला बारीक चिरा दिसायला लागल्या आणि दिवाळीत मी फराळाच्या गडबडीत गच्चीवर बसून डेकची सालं काढत होते. उन्हाने पाठ सोलवटते तशी. खालचं लाकूड ओलं, कडेला काळपट. कारण तसं साधं आहे, मला उशिरा कळलं. लाकूड पाऊस प्यायलं की फुगतं आणि उन्हात आकसतं, वर्षभर त्याची ही हालचाल चालू असते. वरचा कडक पापुद्रा बिचारा किती ताणला जाणार? एकदा तडकला की पाणी आत शिरतं, आणि मग तोच पापुद्रा त्या पाण्याला बाहेर पडू देत नाही. घरातल्या कपाटाला जे चालतं ते आकाशाखाली चालत नाही.

दुसऱ्या वर्षी मी काहीच लावलं नाही. रुसून म्हणा. लाकूड करडं होत गेलं. लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ उन्हातल्या अतिनील किरणांनी मोडतो, पाऊस तो धुऊन नेतो आणि वर नुसते राखाडी तंतू उरतात. हात फिरवला तर बोटाला कुसळ लागायचं. आईला ते करडेपण आवडायचं. “घाटावरच्या होडीसारखं दिसतंय, राहू दे की,” असं तिचं म्हणणं. आणि मला एकीकडे पटायचंही. पण मग कुठे फट मोठी व्हायची, कुठे फळीचं टोक मऊ लागायचं, आणि होडीसुद्धा कुणीतरी दर वर्षी तेल पाजतं म्हणूनच तरंगते हे आठवायचं.

म्हणून बोहरी आळी.

दुकानदाराने आधी विचारलं होतं ते वेगळंच. “लाकूड दाखवायचंय का झाकायचंय?” मला वाटलं, हा काय प्रश्न झाला, दाखवायचंय अर्थात. त्याने तीन डबे मांडले. एक पारदर्शक, एक अर्धपारदर्शक, एक पूर्ण झाकणारा. हे लाकडात मुरणारे स्टेन. झाकणारा डबा तेवढा रंगासारखा वर थर धरणारा. आणि मग त्याने जी गोष्ट सांगितली ती मला अजून छळते. लाकडाला उन्हापासून वाचवतं ते डब्यातलं रंगद्रव्य. जितकं रंगद्रव्य जास्त तितकं ऊन आत कमी पोचणार. म्हणजे ज्या डब्यात लाकूड सगळ्यात सुंदर दिसतं तो डबा सगळ्यात कमी टिकणार, आणि जो लाकूड जपणार तो त्याचं तोंडही दिसू देणार नाही. हे द्रव्य बहुतेक वेळा लोखंडाचं ऑक्साइड असतं. तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरू त्याच घराण्यातला! वृंदावनाला गेरू फासताना आजीला अतिनील किरणं माहीत असण्याचं कारण नव्हतं. मीही मधला डबा उचलला, बहुतेक पुणेकर अशा वेळी उचलतात तो. पाण्याचा घ्यायचा की तेलाचा, हा पुढचा प्रश्न. पाण्याचा लवकर वाळतो, वास कमी, रंगही बराच टिकतो. तेलाचा खोलवर जातो, वाळायला दिवस घेतो आणि घरभर दरवळतो. मी झाकण उघडून वास घेतला आणि तेलाचाच घेतला. ही निवड शास्त्रीय नव्हती.

कारण तो वास अण्णांचा होता. अण्णा म्हणजे माझे आजोबा. नारायण पेठेतला आमचा वाडा त्यांच्या पाच मुलांत वाटला गेला, पण दिंडीदरवाजा अण्णांकडेच होता, मनाने तरी. अक्षय्य तृतीया झाली, घरात आंब्याची अढी लागली की एका रविवारी सकाळी ते बंडी घालून, धोतर खोचून दारासमोर बसायचे. पितळी वाडग्यात बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, त्यात टर्पेंटाइन. पहिल्या हाताला टर्पेंटाइन जास्त, म्हणजे तेल पातळ होऊन आत उतरतं, दुसऱ्याला कमी. जुन्या धोतराच्या चिंधीचा बोळा करून ते लाकडाच्या नसेबरोबर, वरून खाली, एकाच चालीने फिरवायचे. थोड्या वेळाने कोरड्या चिंधीने सगळं पुसून काढायचे. आम्हा मुलांना ते पुसणं कळायचं नाही. एवढं लावलं नि पुसलं काय? “पोट भरल्यावर उरलेलं ताटात ठेवून चिकट करायचं नसतं,” ते म्हणायचे. सगळ्यात जास्त वेळ जायचा तो दाराच्या पायाशी. दार बिजागरीतून काढायला दोन माणसं लागत, मग त्याची खालची कड, जिथे लाकूड आडवं कापलेलं असतं, तिथे ते तेल अक्षरशः पाजत राहायचे. लाकूड तोंडाने पाणी पितं आणि त्याचं तोंड टोकाला असतं, हे मी आता डब्यावरच्या सूचना वाचून शिकले. अण्णांनी काही वाचलेलं नव्हतं.

आणि त्या चिंध्या! काम झालं की तेलाच्या चिंध्या ते हौदाच्या कठड्यावर एकेक करून पसरायचे, प्रत्येकीवर दगड. कुणी चुकून दोन एकत्र बोळून टाकल्या तर आवाज चढायचा, एरवी अण्णांचा आवाज चढत नसे. आम्ही याला कंजूषपणा समजायचो, चिंध्या पुढच्या वर्षी वापरायच्या असतील म्हणून. माझ्या डब्याच्या मागे बारीक अक्षरांत धोक्याची सूचना होती: तेलकट फडकी गोळा करून ठेवू नयेत, आपोआप पेट घेऊ शकतात. जवसाचं तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं. चिंध्यांच्या बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता आग लागू शकते. लाकडाच्या वाड्यात, कडीपाटाखाली, धान्याच्या कोठीशेजारी. शनिवारवाड्याचं लाकूड १८२८ च्या आगीत गेलं आणि नुसती जोती उरली, त्या गावात चिंध्यांवर दगड ठेवणारा माणूस कंजूष नसतो. माझा हा समज दूर व्हायला चाळीस वर्षं लागली, आणि दूर झाल्याचं कळवायला कुणी उरलं नाही.

वाडा २००९ मध्ये पडला. पडला म्हणजे पाडला. करारात एक ओळ होती की जुन्या बांधकामाचा माल पाडकाम करणाऱ्याचा. ती ओळ कुणीच वाचली नाही, किंवा वाचली आणि चौरस फुटांच्या हिशेबात ती लहान वाटली. त्या दिवशी मी ऑफिसात होते. आईने नंतर सांगितलं ते एवढंच की भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटची माणसं टेप आणि खडू घेऊन आली होती. तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या ओळीने मांडल्या, प्रत्येकीवर खडूने आकडा, सगळं घनफुटांत. एक मुलगा उकिडवा बसून जंबुराने चौकोनी खिळे उपटत होता आणि डब्यात टाकत होता. दिंडीदरवाजा मोजला नाही. तो अख्खा, वेगळ्या भावाने गेला. त्याचा अडसर कुठे तरी मातीत पडला होता, तो आईने पिशवीत घातला. तिला कुणी हटकलं नाही. चोरी होती का ती? तिने कधी तसं म्हटलं नाही, पण कधी कुणाला दाखवलाही नाही. आता तो आमच्या गच्चीच्या सरकत्या काचेच्या दारामागे खाली आडवा पडलेला असतो, दार बाहेरून उघडू नये म्हणून. बदली झाली तरी नोकरी तीच.

दिंडीदरवाज्याचं पुढे काय झालं ते माहीत नाही. बाणेर रोडवर एका उपाहारगृहात मी एकदा तसा दरवाजा पाहिला होता, भिंतीला उभा टेकवलेला, वर चकचकीत लॅकर, पाठीमागे दिवे. त्याच्या आत कुठलीच खोली नव्हती. जेवण होईपर्यंत मी त्याची खालची कड बघत होते. आमचा नसावा. आमच्या दिंडीच्या उजव्या बाजूला टिळा लावल्यासारखी एक गाठ होती. असो. या शहरात लाकडाचं असंच आहे. लकडी पुलाच्या नावात लाकूड आहे, पुलात नाही. विश्रामबागवाड्याच्या सुरूच्या नक्षीचे खांब तेवढे अजून रस्त्यावर उभे आहेत. बसमधून जाताना मी त्यांचा रंग न्याहाळते आणि हल्ली मनात पहिला शब्द येतो, वॉलनट.

त्या दिवशी दुकानात मी अडकले होते ती इथेच. ज्याला आम्ही सागवानी रंग म्हणत आलो तो सागाचा नव्हताच. नवा साग कापला तर सोनेरी पिवळट असतो, त्या ‘टीक’च्या चकतीच्या जरा अलीकडे. डबेवाला खोटं बोलत नव्हता. आमचा काळसर तपकिरी रंग हा शंभरेक वर्षांच्या तेलाचा, चुलीच्या धुराचा आणि रोज रात्री तो अडसर सरकवणाऱ्या हातांच्या तेलकटपणाचा होता. मधोमध, जिथे मूठ बसायची, तिथे तो सर्वांत गडद आहे. आणि हे सगळं मी डब्यातून विकत घेऊन जर्मनीतून का कुठून आलेल्या पेटीच्या पाइनला लावणार होते. खरा साग आम्ही घनफुटाने जाऊ दिला होता आणि आता त्याचा रंग लिटरने आणत होतो! यात लाज वाटण्यासारखं काही आहे का, हे मला ठरवता येईना. आईला विचारलं तर ती म्हणाली, “पाचही घरांत तेव्हा एकच संडास होता, तो विसरलीस का?” विसरले नव्हते.

मग तिनेच तोडगा काढला. उरलेल्या एका फळीवर चार पट्टे मारले: टीक, हनी, वॉलनट आणि एक पट्टा कोरा. फळी तीन आठवडे वैशाखाच्या उन्हात पडून राहिली. एका दुपारी दोन वाजता आई अनवाणी तिच्यावर चालली. हनीवर उभी राहिली, टीकवर पाय उचलला, वॉलनटवर “अगं आई गं!” डोळ्यांनी निवडायचा म्हणून आम्ही घेऊन बसलो होतो तो रंग तिने तळपायांनी निवडला. डेकला हनी, कुंपणाला वॉलनट. यात शहाणपणही होतंच. डेक आडवा, त्यावर पाणी साचतं, पाय घासतात, त्याला दोन-तीन वर्षांत पुन्हा हात लावावाच लागतो. कुंपण उभं, पाणी ओघळून जातं, तिथे गडद रंग जास्त काळ तग धरतो.

घासकाम मी स्वतः केलं, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने. मिस्त्री फोनवर ओरडले होते की बारीक पेपर अजिबात लावू नका, लाकूड गुळगुळीत झालं की त्याची भोकं मिटतात आणि स्टेन वर नुसता बसून राहतो. घासून झाल्यावर पाण्याचे थेंब टाकायचे. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर आत जुनं व्हार्निश शिल्लक, अजून घासा. थेंब पसरून दिसेनासा झाला तर लाकूड तहानलेलं आहे, लावा. आई वाटीत पाणी घेऊन फळीफळीवर थेंब टाकत फिरली, प्रत्येक थेंबापाशी थांबत. सहाव्या फळीशी म्हणाली, “ही अजून रुसलेली आहे.” सकाळी साडेसहा ते साडेनऊ एवढाच वेळ हाताशी होता. ऊन चढल्यावर स्टेन मुरण्याआधीच वाळतो आणि जिथे ब्रश थांबला तिथे पट्टा उमटतो. तीन सकाळी मी हे सगळं नियमाने केलं. तिसऱ्या सकाळी शेवटची फळी पुसून अंघोळीला गेले, आणि साडेचारला वळीव आला. टपोरा, एकेक थेंब मोजता येईल असा. मातीचा वास आणि टर्पेंटाइनचा वास एकत्र झाले, आणि मी छत्री घेऊन डेकवर उभी. एक छत्री आणि अर्धी गच्ची! सकाळी पाहिलं तर त्या बाजूच्या फळ्यांवर देवी आल्यासारखे गोल डाग.

त्या फळ्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा केल्या. पावसाळाभर प्यायलेलं पाणी लाकडातून निघेपर्यंत थांबावं लागलं, आणि ते बरंच झालं, ऑक्टोबरचं कोरडं ऊन या कामाला मेपेक्षा चांगलं. संध्याकाळी मी तेलकट फडकी कपड्यांच्या दोरीवर एकेक करून चिमट्याने लावली, एकमेकींना न लागता. आई आतून बघत होती. “मामंजी दगड ठेवायचे,” एवढं म्हणून ती कुकर लावायला गेली.

दिवाळीत धाकटे काका आले. पाच भावांतले आता ते एकटेच आहेत. चहा घेऊन गच्चीवर जायला निघाले, दार सरकेना, तर खाली बघून त्यांनी अडसर पायाने बाजूला केला आणि बाहेर गेले. कुंपणावर हात फिरवला, बोटाने वाजवून पाहिलं. “सागाचं केलंस वाटतं? बरंच लागलं असेल,” मला म्हणाले. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, “सागाचं कुठलं भाऊजी, खोक्यांचं आहे,” आणि त्यांना कोपऱ्यात नेऊन, जास्वंदीची कुंडी सरकवून तिने तो शिक्का दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि वाकून गव्हाची लोंबी पाहिली. “छप्पन अंश, अर्धा तास,” आईने सांगितलं, कुणाच्या तरी मुलाचे मार्क सांगावेत तसं. तिन्हीसांजा झाल्या, डास यायला लागले, सगळे आत आले. काका शेवटी होते. बोलता बोलता त्यांनी पाठीमागे दार ओढलं, न बघता खाली वाकले, अडसर मधोमध धरून उचलला आणि आडवा टाकला.